जिनिंगचे पाच संगणक, होम की प्रो : प्रकल्प नोंदी

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

काल कानबाईचं विसर्जन होतं, ऑफिस बंद होतं. आज सकाळीच धरणगावला जिनिंगवर, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात पोचलो. मालक आप्पांनी चहा व्हायच्या आतच काम सांगितलं. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबरला बंद होणार हे त्यांच्या कानावर आलंय. म्हणून ऑफिसातले पाचही संगणक नव्या विंडोजवर न्यायचे, आणि ते सगळे 'प्रो'वर. मी म्हटलं, आप्पा, सगळ्यांना प्रो कशाला? त्यावर ते अहिराणीत म्हणाले, "आपलं काय घर शे का? हाऊ धंदा शे. मंग होम कसाले लेवानं?"

त्यांचं म्हणणं सरळ आहे. नावच तसं पडलंय : घरासाठी होम, व्यवसायासाठी प्रोफेशनल. पण मी होकार दिला नाही. पाच मशीनवर नेमकं काय काम चालतं ते पाहून आठवडाभरात सांगतो म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं हे विशेष.

मुदती दोन आहेत. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, त्या दिवशी खरेदीचा मुहूर्त, म्हणजे तोवर काट्याचा, गाड्या तोलायच्या जागचा, संगणक तयार हवा. २ ऑक्टोबरला दसरा. त्यानंतर आवक वाढते आणि मग कुठल्याही मशीनला हात लावता येत नाही. हिशेबाचं काम त्याआधी संपायला हवं.

मशीन अशी आहेत. काट्यावरचा जुना असेम्बल डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री. गेटवरचा, सहाव्या पिढीचा. मुनीमजींचा हिशेबाचा डेस्कटॉप, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, टॅली गोल्ड या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा यावर. त्याच्या शेजारी ऑफिसातल्या ताईंचा कंपनीचा तयार डेस्कटॉप, दहाव्या पिढीचा. आणि आप्पांचा २०२२चा लॅपटॉप, त्यावर आधीपासूनच विंडोज ११.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आधी हार्डवेअर. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) लागतं, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. म्हणजे काटा आणि गेट ही दोन मशीन बाद. ताईंचं पास झालं.

हिशेबाच्या मशीनने 'टीपीएम सापडलं नाही' असं दाखवलं. मुनीमजींचा चेहरा उतरला. पण आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये टीपीएम प्रोसेसरसोबतच येतं, फक्त बंद ठेवलेलं असतं. मशीन रिस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो, सिक्युरिटीच्या पानावर 'पीटीटी' नावाची ओळ होती, समोर डिसेबल्ड. ती चालू केली, सेव्ह केलं, परत तपासलं : पात्र. नवा मदरबोर्ड लागेल असं सांगून गिऱ्हाइकाकडून पैसे काढणारे लोक मी पाहिलेत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवतो.

काट्याचं मशीन युक्तीने ११ वर चढवून देतो असं एकजण म्हणाला. चढतं, खोटं नाही. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि आपण हा सगळा खटाटोप अपडेटसाठीच तर करतोय.

सोमवार, ११ ऑगस्ट

जळगावला गेलो, कोटेशनं घेतली. काट्यासाठी नवा डेस्कटॉप होमसह आणि तोच प्रोसह, असे दोन दर मागितले. फरक मशीनमागे काही हजारांचा आहे. पाच मशीनचा हिशेब मांडला तर तेवढ्या पैशांत काट्याला चांगला यूपीएस येतो, आणि काट्याला तो खरंच हवाय. तिथे वीज गेली की पावती अर्धवट राहते.

एका दुकानात वेगळाच प्रस्ताव आला. "होमचं मशीन घ्या, प्रो मी पाचशेत टाकून देतो, लाइफटाइम." मी विचारलं, बिलावर लिहाल का? तो हसला आणि विषय बदलला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

कालचा 'लाइफटाइम' शब्द डोक्यात राहिला होता. म्हणून आज हिशेबाच्या मशीनचं लायसन्स तपासलं. हे मशीन तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून असेम्बल करून आलेलं, सेटिंगमध्ये 'विंडोज १० प्रो, ॲक्टिव्हेटेड' असं स्वच्छ लिहिलेलं. आप्पा कौतुकाने सांगायचे की मुनीमजींकडे आधीपासूनच प्रो आहे.

कमांड प्रॉम्प्ट उघडून मुदत विचारणारी कमांड दिली. खऱ्या लायसन्सवर एक छोटी चौकट येते : मशीन कायमचं ॲक्टिव्हेट आहे. इथे आलं, व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल. तारीख पुढल्या जानेवारीतली. हा मोठ्या कंपन्यांसाठीचा प्रकार आहे. तिथे कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो, त्याच्याकडून मशीनला १८० दिवसांची मुदत मिळते आणि ती पुन्हा पुन्हा वाढत राहते. आमच्या जिनिंगमध्ये असा सर्व्हर कुठून येणार? दुकानदाराने एक छोटा प्रोग्राम लपवून ठेवला होता, तोच सर्व्हरचं सोंग घेऊन मुदत वाढवत होता.

त्याहून वाईट पुढे आहे. विंडोजचा अँटिव्हायरस, डिफेंडर, असे प्रोग्राम पकडतो. म्हणून दुकानदाराने डिफेंडरच्या अपवादांच्या यादीत एक आख्खा फोल्डर टाकून ठेवलेला. म्हणजे त्या फोल्डरमध्ये काहीही येऊन बसलं तरी तपासायचं नाही, असा हुकूम. तीन वर्षं. याच मशीनवर शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँक खाती, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती. मला राग आला आणि तो मी लपवला नाही. मुनीमजींना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि विचारलं, "म्हंजे कुलूप लावेल शे, पन किल्ली चोरना हातमा?" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

आता आप्पांना सांगायची पहिली गोष्ट ठरली. खरं होम हे खोट्या प्रोपेक्षा केव्हाही बरं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज प्रोमध्ये जादा काय मिळतं ते एकेक घेऊन आमच्या कामाशी ताडून पाहिलं.

डोमेनला जोडणं : पन्नास-शंभर मशीनच्या कचेरीत एका सर्व्हरवरून सगळ्यांचे पासवर्ड आणि परवानग्या सांभाळायच्या असतात, त्यासाठी. आमच्याकडे सर्व्हर नाही, होणारही नाही. ग्रुप पॉलिसी, म्हणजे मशीनवरचे नियम एका जागेवरून लावायची सोय, त्यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या सेटिंगमधूनही होतात. हायपर-व्ही आणि सँडबॉक्स (मशीनच्या आत वेगळं मशीन चालवायच्या सोयी) माझ्या उपयोगाचे, जिनिंगच्या नाहीत. मेमरीचं म्हणाल तर होम १२८ जीबीपर्यंत चालतं, आणि आमच्या सगळ्यात मोठ्या मशीनमध्ये १६ आहे.

मुनीमजींची शंका : होमवर टॅलीचा फोल्डर शेअर होत नाही म्हणतात, खरं का? होतो. होम असो की प्रो, वीस उपकरणांपर्यंत जोडता येतात, टॅलीची आमची तीनच आहेत. ही शंका जुन्या काळातून आलेली आहे. २००१ साली एक्सपी आलं तेव्हा होम आणि प्रोफेशनल अशी जोडी निघाली, आणि तेव्हाच्या होमला एकावेळी पाचच मशीन जोडता यायची, प्रोफेशनलला दहा. मी धंद्यात आलो तेव्हा मोठी माणसं हेच सांगायची. आकडे केव्हाच बदलले, धास्ती मात्र तशीच राहिली.

दुसरी शंका आप्पांची, आणि ती रास्त आहे : धंद्यात होम वापरलं तर बेकायदा नाही ना? नाही. विंडोज होमच्या लायसन्समध्ये धंद्याला मनाई नाही. मनाई असते ती ऑफिसच्या 'होम अँड स्टुडंट' पॅकला, ते घर आणि शाळेपुरतं. नाव सारखं असल्याने लोक दोन्ही एकाच मापाने मोजतात.

उरले तीन मुद्दे : रिमोट डेस्कटॉप (दुसऱ्या मशीनवरून आपल्या मशीनमध्ये शिरणं), अपडेट लांबवणं आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणं). खरा विचार या तिघांचाच करायचा.

सोमवार, १८ ऑगस्ट

रिमोट डेस्कटॉप. आप्पा जळगावला राहतात. रात्री घरून टॅली दिसायला हवं ही त्यांची जुनी मागणी. ज्या मशीनमध्ये शिरायचं तिथे प्रो लागतं. जिथून शिरायचं तिथे होम चालतं.

माझ्या लॅपटॉपवर प्रो आहे. तो टेबलावर ठेवला, ताईंच्या मशीनवरून त्यात शिरून दाखवलं. ताईंच्या स्क्रीनवर माझा डेस्कटॉप आला आणि त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपची स्क्रीन लॉक झाली. आप्पा म्हणाले, हे काय? हेच सांगायचं होतं. प्रोमध्ये एकावेळी एकच माणूस. तुम्ही घरून शिरलात की मुनीमजींच्या हातातलं व्हाउचर तिथेच थांबणार. दोघांनी एकाच वेळी काम करायचं तर सर्व्हर विंडोज आणि त्याची वेगळी लायसन्स.

मग मी विचारलं, आप्पा, तुम्हाला घरून एंट्री करायच्या आहेत का? नाही. मग काय बघायचंय? किती गाठी बांधल्या, कुणाची किती उधारी, बँकेत किती. म्हणजे त्यांना रिपोर्ट हवेत. टॅलीप्राइममध्ये ब्राउझरवर रिपोर्ट पाहायची सोय आहे, नूतनीकरण चालू असलं की झालं, आणि आपलं चालू आहे. अर्ध्या तासात त्यांच्या मोबाइलवर उधारीची यादी उघडली. ते बराच वेळ अंगठ्याने यादी वरखाली सरकवत राहिले, मध्येच दोन नावांवर थांबले.

प्रो घ्यायचं सगळ्यात मोठं कारण असं गळून पडलं. माझ्या कामात मला हे वारंवार दिसतं. माणूस वस्तूचं नाव घेऊन येतो, त्याची गरज मात्र वेगळीच असते.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोळा. काम नाही. काट्याचं नवं मशीन संध्याकाळी येऊन पडलं, खोकं उघडलं नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

काट्याचं मशीन लावलं. काट्याचा वजन दाखवणारा इंडिकेटर जुन्या पद्धतीच्या सीरियल पोर्टने वजन पाठवतो, नव्या मशीनला तो पोर्टच नाही. यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, मशीनने त्याला कॉम ७ नंबर दिला. काट्याच्या सॉफ्टवेअरला एक ते चारच नंबर माहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो कॉम ३ केला, लगेच वजन दिसू लागलं. काट्यावरचा मुलगा स्वतः प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहिला, पण दहा किलोच्या पटीत मोजणारा काटा त्याची नीट दखल घेईना. मग ट्रॅक्टर बोलावला.

या मशीनवर जे विंडोज आलंय त्याचं पूर्ण नाव 'होम सिंगल लँग्वेज'. आपल्याकडे तयार मशीन आणि लॅपटॉपवर बहुतेक हेच असतं, आणि बिलावर नुसतं 'होम' लिहिलेलं असतं. फरक मला आज नडला. काट्यावरच्या मुलाला इंग्रजी जड जातं, म्हणून सगळी विंडोजच मराठीत करावी म्हटलं. भाषा जोडायला गेलो तर लायसन्समध्ये एकच डिस्प्ले भाषा चालते असा नकार आला. साध्या होमला ही अडचण नाही, प्रोलाही नाही.

मग काय, मुलाच्या मराठीसाठी प्रो घ्यायचं? मी त्याला विचारलं, तुला मराठी कुठे लागते? तो म्हणाला, पावतीवर. शेतकरी पावती हातात घेऊन गावाचं नाव वाचून बघतो. टायपिंगला भाषेची ही अट लागू नाही. विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडला, 'धानोरा' टाइप करून पावती काढली. मुलगा दिवसभरात सहा-सात गावांची नावं टाइप करून बसला होता. काट्याला होम सिंगल लँग्वेज पुरतं. फक्त नव्या खरेदीत बिलावर पूर्ण नाव लिहून घ्यायचं.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. काट्याची पूजा झाली, पहिल्या गाडीचं वजन झालं, पावती मराठीत निघाली. मुहूर्ताचा कापूस थोडाच असतो, त्यामुळे मशीनची खरी परीक्षा अजून बाकी आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर

आजचा दिवस सविस्तर लिहितो.

आप्पांच्या लॅपटॉपला बायोसचं अपडेट आलेलं होतं, ते करून टाकलं. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि समोर निळी स्क्रीन : बिटलॉकर रिकव्हरी, ४८ आकडी किल्ली टाका. आप्पा समोर बसलेले. म्हणाले, काय व्हयनं? मी म्हटलं, डिस्कला कुलूप आहे, ते आपली किल्ली मागतंय. "आपन कधी लायं कुलूप?"

कुणी लावलं नव्हतं. होम विंडोजमध्ये बिटलॉकरचं सगळं नियंत्रण नसतं, पण त्याच तंत्राचं एक साधं रूप असतं, डिव्हाइस एन्क्रिप्शन. मशीन पात्र असेल आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ते आपोआप चालू होतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. बायोस बदललं की टीपीएमला मशीन ओळखीचं वाटत नाही आणि ते किल्ली मागतं. अपडेटच्या आधी एन्क्रिप्शन थांबवून ठेवायला हवं होतं. हे होम आहे, इथे कुलूप नसणार, असं मी गृहीत धरलं. चूक माझी.

आता किल्ली कुणाच्या खात्यात? आप्पांच्या खात्यात पाहिलं, काही नाही. तेव्हा आप्पांना आठवलं की लॅपटॉप घेतला तेव्हा भाच्याने सुरू करून दिला होता. भाचा पुण्याला. फोन लावला, तो कामावर होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःचं खातं उघडलं. स्क्रीनवर किल्लीची जी ओळख दिसत होती तिची पहिली आठ अक्षरं मी वाचून दाखवली, त्याने जुळवली, आणि मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट. तो वाचतोय, ताई कागदावर लिहितायत, मी टाकतोय. पाचव्या गटात एक आकडा चुकला, मशीनने तिथेच अडवलं, परत विचारलं. आठवा गट टाकला आणि लॅपटॉप उघडला. खोलीत कुणी बोललं नाही. मुनीमजींनी पंख्याचा वेग वाढवला.

भाच्याने मधल्या काळात ते खातं बंद केलं असतं तर लॅपटॉपवरचं काहीच परत आलं नसतं. उघडल्या उघडल्या मी कमांडने किल्ली स्क्रीनवर आणून कागदावर उतरवली. लॅपटॉप आप्पांच्या स्वतःच्या खात्याला जोडला, किल्लीची प्रत तिथे ठेवली.

एक गोष्ट सिद्ध झाली. लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा वाचू नये ही आप्पांची काळजी होमवरही मिटलेली आहे. म्हणजे लॅपटॉपलाही प्रो नको.

सोमवार, ८ सप्टेंबर

तर मग प्रो कुठेच नको? आप्पांना तसं सांगणार होतो. तेवढ्यात संध्याकाळी सहाला मुनीमजी घरी निघाले.

रोज निघताना ते टॅलीचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर घेतात. ती डिस्क रुमालात गुंडाळतात, डब्याच्या पिशवीत ठेवतात आणि सायकलने घरी नेतात. ऑफिसला आग लागली तरी हिशेब राहावा म्हणून. बारा वर्षं एक दिवस न चुकता. ही शिस्त मला फार मोलाची वाटते, आणि आज पहिल्यांदा मला तिची भीती वाटली. पिशवी भाजीबाजारात राहिली, सायकलवरून पडली, तर? डिस्कला कुलूप नाही. ज्या कुणाला सापडेल त्याने साध्या संगणकाला लावायची, की शेकडो शेतकऱ्यांची खाती आणि आधार समोर. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आहे, डेटा नीट न सांभाळल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. पण मला कायद्याआधी तो माणूस दिसतो, जो विश्वासाने आधार काढून टेबलावर ठेवतो आणि गाडी रिकामी व्हायची वाट बघत बाहेर नीमाखाली बसतो.

बाहेरच्या डिस्कला कुलूप लावणं, बिटलॉकर टू गो, हे काम होम करत नाही. होमचं डिव्हाइस एन्क्रिप्शन मशीनच्या आतल्या डिस्कपुरतं असतं. कुलूप लावायला प्रो लागतं. पण एकदा लावलं की पासवर्ड देऊन होमवर ती डिस्क उघडतेही आणि तिच्यावर लिहिताही येतं. म्हणजे प्रो एकाच मशीनवर पुरे, जिथे बॅकअप होतो तिथे.

आप्पांना फोन केला. पाचऐवजी एक प्रो, हिशेबाच्या मशीनवर. कारण सांगितलं. त्यांनी पिशवीबद्दल दोनदा विचारलं. मग म्हणाले, ले.

सोमवार, १५ सप्टेंबर

प्रो रिटेल घेतलं, बिलासह. मशीनसोबत येणारं लायसन्स त्याच मदरबोर्डशी बांधलेलं असतं, मशीन गेलं की तेही गेलं. रिटेल दुसऱ्या मशीनवर नेता येतं. हिशेबाचं मशीन दोन-तीन वर्षांत बदलणार, म्हणून जादा पैसे योग्य.

जुनी विंडोज पूर्ण पुसली. लपलेल्या प्रोग्रामवर अपग्रेड चढवायचं नाही हे ठरलेलंच होतं. टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी, तो ताईंच्या मशीनवर उघडून पाहिला, मगच फॉरमॅट. नवी विंडोज ११ प्रो, आवृत्ती २४एच२. मुदतीची कमांड दिली : कायमचं ॲक्टिव्हेट. मुनीमजींना बोलावून ती चौकट दाखवली.

ताईंचं मशीनही आज १० वरून ११ वर गेलं. होमवरून होमवरच, त्याला पैसे पडत नाहीत. पुढे कधी प्रो लागलंच तर सेटिंगमध्ये किल्ली टाकून रिस्टार्ट केलं की होमचं प्रो होतं, फायली जागच्या जागी राहतात. उलट, प्रोवरून होमवर यायचं तर सगळं पुसावं लागतं. म्हणून शंका असेल तिथे होमने सुरुवात करावी हे माझं पक्कं मत झालंय.

बुधवार, १७ सप्टेंबर

अडलं. ऑफिसात नेटवर्कवर एक जुना डिस्कचा डबा आहे, त्यात गाड्यांचे फोटो आणि स्कॅन जातात, पासवर्ड नाही. ताईंच्या होमवरून तो उघडतो, मुनीमजींच्या कोऱ्या प्रोवरून उघडत नाही. संदेश असा की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार पाहुण्याला प्रवेश नाही. मुनीमजी म्हणाले, महागडं घेतलं ते चालत नाही आणि स्वस्तातलं चालतं.

२४एच२ पासून प्रोमध्ये फायली शेअर करण्याचे नियम कडक झालेत. पासवर्डशिवायचा पाहुणा चालत नाही आणि प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही लागते. होमला ही सक्ती नाही. नियम सैल करायची सोय आहे, आणि नेटवर बहुतेक लोक तेच करायला सांगतात. मी केलं नाही. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन युजर आणि पासवर्ड बनवला, पाहुणा बंद केला, डब्याचं फर्मवेअर अद्ययावत केलं. तिन्ही मशीनवर तोच पासवर्ड टाकला. दीड तास गेला. गाड्यांच्या फोटोंत आधारच्या प्रतीही पडलेल्या होत्या, त्या पासवर्डशिवाय पडून होत्या हे त्यामुळेच कळलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

बॅकअपच्या डिस्कला कुलूप. दोन प्रश्न येतात. फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की पूर्ण डिस्क? डिस्क बारा वर्षांतली तिसरी आहे, तिच्यावर जुन्या पुसलेल्या फायलींचे अवशेष असणार, म्हणून पूर्ण. दुसरा : नवी पद्धत की सुसंगत? डिस्क दुसऱ्या मशीनवरही लावली जाते, म्हणून सुसंगत. संध्याकाळी लावून ठेवलं, रात्रभर चाललं. वीज गेली तर म्हणून यूपीएसवर. आजच्या दिवसाचा बॅकअप जुन्या पेन ड्राइव्हवर घेतला आणि तो तिजोरीत ठेवला. मुनीमजी बारा वर्षांत पहिल्यांदा डिस्कशिवाय घरी गेले. जाताना दारातून दोनदा मागे वळून पाहिलं.

शनिवार, २० सप्टेंबर

झालं. पासवर्ड ताईंनी आणि मुनीमजींनी मिळून ठरवला, मी खोलीबाहेर थांबलो. डिस्क होमच्या मशीनला लावून पाहिली : पासवर्ड मागितला, दिल्यावर उघडली. आप्पांच्या लॅपटॉपवरही. रिकव्हरी किल्ल्या छापल्या, डिस्कची एक, हिशेबाच्या मशीनची एक, लॅपटॉपची कागदावर उतरवलेली होतीच. तिन्ही कागद एका पाकिटात, चेकबुकांच्या खाली तिजोरीत.

बुधवार, १ ऑक्टोबर

अपडेटचं उरलेलं काम. गेल्या हंगामात काट्याचं मशीन भर दुपारी रिस्टार्ट झालं होतं, ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. प्रोमध्ये धोरण लावून मोठं अपडेट वर्षभरापर्यंत आणि महिन्याचं अपडेट ३० दिवसांपर्यंत लांबवता येतं. होममध्ये पाच आठवडे थांबवता येतं, मग घ्यावंच लागतं. काट्याला होम पुरेल का, ही शंका मला होती. पण 'ॲक्टिव्ह अवर्स' १८ तासांपर्यंत ठेवता येतात आणि तेवढ्या वेळात मशीन आपणहून रिस्टार्ट होत नाही. सकाळी सहा ते रात्री बारा असे लावले. काटा रात्री दहाला बंद होतो. दर रविवारी रात्री मुलाने अपडेट घेऊन मशीन एकदा रिस्टार्ट करायचं, हे त्याच्या वहीत लिहून दिलं. सुरक्षेचे अपडेट महिना-महिना अडवून ठेवणं मला तसंही पटत नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज विंडोज १० चा शेवटचा दिवस. गेटचं मशीन तेवढं त्यावर राहिलं. त्याची नेटवर्कची वायर काढली, ते नुसता गेटपास छापतं, त्याला कुणाशी बोलायची गरज नाही. बदली पुढच्या उन्हाळ्यात.

आवक वाढलीय. सकाळपासून काट्यावर ट्रॅक्टर लागलेले, मुलगा मान वर करत नव्हता. एका शेतकऱ्याने पावती उन्हात धरून गावाचं नाव वाचलं आणि घडी करून टोपीत ठेवली.

सहाला मुनीमजी निघाले. डिस्क रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी सायकलला. किल्ल्यांच्या पाकिटाची दुसरी प्रत आप्पांच्या जळगावच्या घरी पोचवायची राहिलीय. उद्या जाताना घेऊन जातो.